दरवर्षी नवा संघ बांधणारे बारसे सर

नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर संध्याकाळी बसलो की खालच्या रिकाम्या जागेतून पोट्ट्यांचा कालवा ऐकू येतो. खरे सांगायचे तर तो ऐकायलाच आम्ही तिकडे जातो. परवा जवळ जाऊन पाहिले. फुटबॉलचे ब्लॅडर केव्हाच गेलेले. आत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या आणि वरून चपला शिवायच्या दोऱ्याने टाके घातलेले. दहा-बारा जण होते, एकाच्याही पायात बूट नाही. दोन विटा ठेवल्या की झाला गोल!

त्यातल्या एकाची आई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन जात होती. तिने पोराला हाक मारली, त्याने ऐकले नाही. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, "सांगा नं जी याले काई. खेळून पोट भरते का?"

बाईचा प्रश्न रास्त होता. दिवसभर रोवणीत वाकलेल्या बाईने तो विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? आम्हाला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. घरी येताना मात्र नागपूरच्या बारसे सरांची आठवण झाली. त्यांची हकीकत आमच्या वाचक मायबहिणींना सांगावी म्हणून हे लिहीत आहोत.

नागपूरचे हिस्लॉप कॉलेज 1883 सालचे. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी काढलेले, स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचे. विदर्भातल्या कितीतरी पिढ्या तिथे शिकून गेल्या. या कॉलेजात विजय बारसे हे क्रीडा विषयाचे प्राध्यापक होते. कॉलेजातल्या क्रीडा शिक्षकाचे काम काय असते ते आपल्यापैकी ज्यांची मुले कॉलेजात गेली त्यांना ठाऊक आहे. संघ निवडायचा, सराव घ्यायचा, विद्यापीठाच्या स्पर्धांना मुले न्यायची, ढाल जिंकली तर प्राचार्यांच्या खोलीत ठेवायची. मैदान कॉलेजचे, मुले कॉलेजची. ज्याने प्रवेश घेतला, फी भरली, त्यालाच चेंडू. यात कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतू नाही, पद्धतच तशी आहे.

सन 2001 मधली गोष्ट. पाऊस पडत होता आणि बारसे सर झाडाखाली थांबले होते. समोर झोपडपट्टीतली काही मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. चिखल, पाऊस, कशाचेच त्यांना भान नव्हते. सरांनी त्यांना फुटबॉल दिला. एवढेच. भाषण दिले नाही, व्यसन सोडा म्हटले नाही, उद्यापासून शाळेत चला असेही म्हटले नाही. मुले खेळू लागली आणि सरांच्या लक्षात आले की जितका वेळ ही पोरे चेंडूच्या मागे आहेत तितका वेळ ती वाईट नादापासून दूर आहेत.

आम्हाला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. आपल्या वस्तीत सुधारणा करायला येणारे बरेच येतात. ते येतात तेच आधी आपल्याला चार गोष्टी सुनावायला. बारसे सरांनी आधी चेंडू दिला, बाकीचे बोलणे नंतर. उभ्या जन्मात ज्याला कोणी संघात घेतले नाही त्याला संघात घेतले की तो वेळेवर येतो, आंघोळ करून येतो, दुसऱ्याला पास देतो. हे त्याला शिकवावे लागत नाही असे नाही, पण ते मैदानावर शिकवता येते.

पुढे सरांनी खास झोपडपट्टीतल्या मुलांसाठी स्पर्धा भरवली. नावही सरळ ठेवले, झोपडपट्टी फुटबॉल. बुटांची अट नाही, गणवेशाची अट नाही. त्या स्पर्धेला 128 संघ आले! ज्या शहराला या पोरांची नावे फक्त पोलीस ठाण्यात ठाऊक होती, त्या शहरात त्यांचे 128 संघ उभे राहिले. 'झोपडपट्टी' हा शब्द जाहीर फलकावर लिहायला कित्येकांना लाज वाटली असती. सरांनी तो लपवला नाही.

या कामासाठी नागपूरला क्रीडा विकास संस्था उभी राहिली. जगात ती स्लम सॉकर या नावाने ओळखली जाते. सरांच्या बरोबरीने त्यांच्या पत्नी रंजनाताई या कामात आहेत. सर निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या सुमारे 18 लाख रुपयांतून त्यांनी नागपूरपासून आठ-नऊ किलोमीटरवर बोखारा भागात जमीन घेतली, या मुलांच्या खेळासाठी. निवृत्तीचा पैसा म्हणजे काय हे नोकरदार घराला सांगायला नको. त्यात मुलीचे लग्न असते, घराचा स्लॅब असतो, म्हातारपणची औषधे असतात. त्या दिवशी त्यांच्या घरात काय बोलणे झाले असेल ते त्यांनाच माहीत, पण रंजनाताईंच्या संमतीवाचून ही जमीन झाली नसती असे आमचे मत आहे. पेपरात मात्र नाव बहुधा सरांचेच येते.

मुलगा अभिजीत अमेरिकेत होता. वडिलांच्या कामाविषयी त्याने वाचले आणि तो परत आला, संस्थेच्या कामाला लागला. घरचा शिकलेला पोरगा परदेश सोडून झोपडपट्टीच्या मैदानावर येतो, हेही थोडे नव्हे.

आता सरांच्या संघाने काय मिळवले ते पाहू. बेघर आणि निराधार लोकांची फुटबॉलची एक जागतिक स्पर्धा असते. तिला होमलेस वर्ल्ड कप म्हणतात. पहिली स्पर्धा 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाली, 18 देश आले होते. 2006 साली ती दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला होती. बारसे सर तिथे गेले होते आणि तिथे नेल्सन मंडेलांची त्यांची भेट झाली. पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये, डेन्मार्कच्या कोपनहेगनला भारताचा संघ उतरला.

या खेळाचे नियम ऐकण्यासारखे आहेत. मैदान 22 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, म्हणजे आपल्याकडच्या खळ्यापेक्षा फार मोठे नाही. एका बाजूने चौघेच, त्यातला एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. आणि मुख्य नियम हा की एका खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्याची.

वाचकहो, प्रशिक्षकाच्या बाजूने याचा विचार करा. कॉलेजचा प्रशिक्षक चांगला खेळाडू तीन वर्षे सांभाळतो, त्याच्या जिवावर ढाली आणतो. इथे मुलगा तयार होतो, एकदा परदेशी जाऊन येतो आणि संघ मोडतो. दुसऱ्या वर्षी पुन्हा नवी पोरे, पुन्हा पहिल्यापासून. सरांच्या कपाटात किती करंडक आहेत यावरून त्यांची कारकीर्द मोजता येणारच नाही. किती पोरे एकदा तरी संघात आली, यावरूनच ती मोजावी लागेल.

त्यातला एक अखिलेश पॉल. नागपूरचाच. ज्या वाटेने गेलेला माणूस परत येत नाही म्हणतात, त्या वाटेला तो लागला होता. ही गोष्ट त्याने स्वतःच लोकांसमोर सांगितली आहे. तो सरांच्या मैदानावर आला आणि 2010 साली ब्राझीलच्या रिओ शहरात भारतीय संघाचा कर्णधार म्हणून उतरला. परत आल्यावर त्याने वस्तीतल्या लहान मुलांना खेळ शिकवायला घेतला. पोलिओने पाय अधू झालेला एक तरुणही या संस्थेत प्रशिक्षक झाला. पोलिओचा पाय आणि फुटबॉल! आम्ही ऐकले तेव्हा आम्हालाही खरे वाटले नव्हते.

मुलींचे काय, असे आमच्या भगिनी विचारतील. मुलींचेही संघ झाले. खेळता खेळता आरोग्याच्या, पाळीच्या, गणिताच्या गोष्टी शिकवण्याची पद्धत या संस्थेने बसवली. मुलीला मैदानावर पाठवायला आई तयार असते, अडतो तो भांड्यांचा ढीग आणि धाकटे भावंड. हे आमचे पाहणे आहे. दारू पिणारा बापही मुलीच्या हाफ पँटवर मात्र मोठमोठ्याने बोलतो.

मानसन्मान झाले. 2014 च्या ऑक्टोबरात आमिर खानच्या 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमात सरांची कहाणी घरोघर पोचली. 2016 साली फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा विविधतेसाठीचा पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला. मग मार्च 2022 मध्ये नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला. अमिताभ बच्चन यांनी केलेले विजय बोराडे हे पात्र बारसे सरांवरून घेतलेले. डॉनचे काम केलेला अंकुश गेडाम नागपूरचाच, आपल्यासारख्याच वस्तीतला पोरगा. त्यात बाबासाहेबांची जयंती आहे, डीजे आहे, आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडणारा अमिताभ आहे. एवढ्या मोठ्या नटाच्या हिंदी सिनेमात आम्ही तरी असे आधी पाहिले नव्हते. आमच्या झाडीपट्टीत लोक रात्रभर नाटक बघणारे, त्यांना कशाने भुलवता येत नाही. पण त्या प्रसंगाला आमच्या शेजारची म्हातारी उठून उभी राहिली.

तरी एक गोष्ट बोलून दाखवतो. सिनेमा पाहून आलेले लोक अमिताभचे भाषण सांगतात. आम्हाला आठवतो तो रिंकू राजगुरूच्या वाट्याचा भाग. आदिवासी खेड्यातली पोरगी, खेळात चांगली, तिची निवड होते. आणि मग तिचा बाप ओळखीच्या कागदासाठी दारोदार फिरतो, कारण कागदाशिवाय पासपोर्ट नाही आणि पासपोर्टाशिवाय परदेश नाही. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करायला त्याची चप्पल झिजते. आमच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोंड घरांना हे सिनेमात पाहावे लागत नाही. जन्माचा दाखला नाही, शाळेत लावलेली तारीख वेगळी, आधारकार्डावरचे आडनाव वेगळे. पाय कितीही चपळ असोत, पोरगी कागदाला अडते. ज्यांच्या घरी खेळणारे मूल आहे त्यांनी निदान जन्माचा दाखला आजच पाहून ठेवावा. नावात काना-मात्रेचा फरक असला तरी दुरुस्त करून घ्यावा.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. खेळून पोट भरते का? सगळ्यांचे भरत नाही. बारसे सरांच्या मैदानावर खेळलेली सगळीच पोरे परदेशी गेली नाहीत, आणि जी गेली ती श्रीमंत होऊन आली नाहीत. पण कोणी शाळेत परत गेले, कोणी कामाला लागले, कोणी स्वतःच शिकवू लागले. आणि खर्चाचे म्हणाल तर तोही पाहा. सॉफ्टबॉल खेळायचा तर नऊही जणांच्या हातात ग्लोव्ह लागतो, बॅट लागते, कॅचरला तोंडाची जाळी आणि छातीचे संरक्षण लागते. हॉकीला प्रत्येकाची काठी लागते. फुटबॉलला वीस पोरांत एक चेंडू पुरतो. हिस्लॉपच्या सरांनी दिला होता तोही एकच होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पाळीखाली गेलो. चेंडूचे टाके उसवले होते, चिंध्या बाहेर लोंबत होत्या आणि पोरे तशीच खेळत होती. ती आई भारा टेकवून उभी होती. आम्ही तिला बारसे सरांचे थोडे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "त्या चेंडूले पैसे किती लागतात जी?"

आम्ही पुढच्या बाजाराला साकोलीला जाणार आहोत. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की पोरे तिथे बावीस बाय सोळा मीटरची जागा आखणार आहेत. चुना कोणी आणायचा यावरून त्यांचे भांडण आत्ताच सुरू झाले आहे.