जुनं नगर, एका क्लिकवर?

१५८३ सालचा फराहबाग महाल बघून आले आणि घरी नेटवर जुने फोटो शोधायला बसले. पुरातत्त्व खात्याच्या जुन्या संग्रहातलं आपलं नगर आहे कुठे? थेट लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत! पण ऑक्टोबर २०२३मध्ये तिच्यावर सायबर हल्ला झाला आणि वेबसाइट कित्येक महिने ठप्प. मूळ फोटो कपाटात सुखरूप, आपल्यासाठी मात्र गायब! म्हणजे नुसतं स्कॅन करून भागत नाही बॉस, कॉपी दोन-तीन ठिकाणी हवी, एक तरी नगरमध्येच.

या वीकेंडला आजीचा अल्बम काढा. ६०० डीपीआयवर स्कॅन करा, फोटोची मागची बाजूसुद्धा. कोण, कुठे, कधी हे तिथेच लिहिलेलं असतं. नसेल तर आजीला विचारा. आजच!