जाताना तीन तास, येताना आठ तास?

मुलांनो, गेल्या वर्षी पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला. आईचं ऑपरेशन दुसऱ्याच दिवशी सकाळी नऊला ठरलं होतं. मी त्याच संध्याकाळचं तिकीट काढलं. लेकीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, सातला निघून दहाला मुंबई! तीनच तास? मग परत येताना रात्री अकरा ते सकाळी सात, म्हणजे आठ तास का?"

बरोबर शंका आहे. तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सिंगापूरचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. म्हणून जाताना तिनात अडीच मिळवायचे, येताना आठातून अडीच वजा करायचे. दोन्ही उत्तरं साडेपाच!

(गंमत म्हणजे १९८१ अखेरपर्यंत हा फरक दोनच तासांचा होता. मलेशियाबरोबर १ जानेवारी १९८२ पासून सिंगापूरनंही घड्याळ अर्धा तास पुढे केलं. आपल्याकडे सकाळी सातलाही जेमतेम उजाडतं, ते त्यामुळेच.)

आता अंतर. ॲटलास उघडा. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांश, ७३ पूर्व रेखांशावर. चांगी १ आणि १०४ वर. फरक १८ आणि ३१ अंश. काटकोन त्रिकोण काढा आणि पायथागोरस लावा: ३२४ अधिक ९६१, म्हणजे १,२८५. वर्गमूळ ३६ च्या जरा आत. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणून एक अंश १११ किलोमीटरचा. गुणाकार झाला ३,९८० च्या आसपास. पृथ्वी गोल धरून केलेलं नेमकं गणित ३,९२० देतं. म्हणजे आपण फारसे चुकलो नाही, कारण आपण विषुववृत्ताजवळ आहोत. लंडनसाठी मात्र ही युक्ती वापरू नका! तिथे रेखांशाचा एक अंश जेमतेम ७० किलोमीटरचा उरतो.

विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगानं जातं. मग साडेचार तास पुरायला हवेत. उरलेला तास कुठे जातो? धावपट्टीपर्यंत हळूहळू जाण्यात, चढण्या-उतरण्यात, आणि सरळ रेषेऐवजी ठरलेल्या हवाई मार्गानं जाण्यात. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हीकडून एकाच वेळी मोकळेपणानं विमानं सोडता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी उतरणाऱ्यांना वर घिरट्या घालाव्या लागतात.

माझा त्या रात्रीचा हिशेब असा होता: दहाला मुंबई, बाहेर पडायला एक तास, पुण्यापर्यंतचे दीडशे किलोमीटर म्हणजे रस्त्यानं चार तास. पहाटे तीन. पालकहो, हे शेवटचे चार तास तिकिटावर कुठेच छापलेले नसतात, आणि आपण तेच विसरतो.

आमचं विमान घिरट्या घालत राहिलं. हॉस्पिटलात पोचायला सव्वाचार वाजले. आई जागीच होती. आत नेईपर्यंत तिच्याजवळ चांगले चार तास बसता आलं.