किक सर्वांत शेवटी

नवी मुंबईतला नेरुळ, सीवूड्स, खारघर, उलवे, कुठलाही नोड घ्या. सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये खांबाला खेटून उभी, धुळीत रंग हरवलेली एक तरी मोटारसायकल असतेच. ती टाकून दिलेली असते असं नाही. करावे इथे टी. एस. चाणक्य ही व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणारी संस्था आहे, आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांची घरं या शहरात पुष्कळ आहेत. त्यांचे करार अनेकदा सहा-नऊ महिन्यांचे असतात. कुणी परदेशी गेलेलं असतं, कुणाची बदली झालेली असते, कुणी पावसाळाभर गाडी बाहेरच काढत नाही. परतल्यावर मात्र जो तो आधी किक मारतो किंवा सेल दाबतो. माझं म्हणणं असं की उभ्या गाडीचं मोठं नुकसान बरंचसं या पहिल्या उतावीळ प्रयत्नात होतं. तोवर टाकीतला गंज टाकीतच असतो, कोरडी पिस्टन रिंग कोरडी पण अखंड असते, अडकलेला ब्रेक कुणाला पाडत नाही. म्हणून इंजिन चालू करणं हे या सगळ्या कामातलं शेवटचं काम असायला हवं.

सुरुवात पेट्रोलपासून करावी, कारण सगळ्यात जास्त तेच बदललेलं असतं. पेट्रोल म्हणजे अनेक घटकांचं मिश्रण. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन पेटायला नेमके तेच लागतात. उरलेल्यावर हवेतल्या ऑक्सिजनची क्रिया होऊन चिकट राळ तयार होते आणि कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये बसते. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. चोक ओढला की गाडी चालते आणि चोक सोडला की बंद पडते, ही बहुतेक वेळा त्याचीच खूण. त्यात आता इथेनॉल आहे. देशातल्या पेट्रोलमध्ये त्याचं सरासरी प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. इथेनॉल हवेतली वाफ ओढून घेतं, आणि खाडीकाठच्या या शहरात जून ते सप्टेंबर वाफेला तोटा नाही. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासह पेट्रोलपासून फुटतं आणि जड थर तळाशी बसतो. कॉकची रिझर्वची वाट तळातूनच निघते. त्यामुळे बऱ्याच दिवसांनी गाडी सुरू करताना कॉक रिझर्ववर ठेवणं सर्वांत वाईट. इंजेक्शनच्या गाडीत तर पंपच टाकीच्या तळाशी असतो.

सगळं खापर इथेनॉलवर फोडणाऱ्यांना मात्र एक सांगायला हवं. वीस टक्क्यांचं मिश्रण दहा टक्क्यांच्या मिश्रणापेक्षा जास्त पाणी सामावून घेतं आणि मग फुटतं. शिवाय राळ धरण्याचा दोष इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्येही होताच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जुन्या आरएक्स-१०० किंवा सीडी-१०० दोन-दोन वर्षांनी एका किकमध्ये चालू व्हायच्या, मग आताच एवढी काळजी कशाला? त्या चालू होत, हे खरं. पण त्यांना पेट्रोल वरून आपोआप खाली येत असे, बॅटरी बसलेली असली तरी ठिणगी पडत असे, आणि जेट घाण झालं तर स्क्रू ड्रायव्हर आणि फुंकर पुरत असे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आहे, आणि गाळ एकदा इंजेक्टरपर्यंत गेला की फुंकरीने निघत नाही. तेव्हा थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरावं. रंग गडद, वास वार्निशसारखा किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर टाकी आणि कार्ब्युरेटरची वाटी दोन्ही रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं. हे काम स्टिल्टमध्ये करू नये. सोसायटीची वीजमीटरची खोली अनेकदा तिथेच असते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते.

मग इंजिन हाताने फिरवायचं. उभ्या गाडीतलं ऑइल निथळून खाली उतरलेलं असतं आणि सिलिंडरची भिंत कोरडी पडलेली असते. प्लग काढून त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावं, गाडी डबल स्टँडवर घेऊन वरचा गिअर टाकावा आणि मागचं चाक सावकाश फिरवावं. पिस्टन मोकळा आहे की नाही ते हाताला लगेच कळतं. अडलं तर जोर लावू नये. इथून पुढे काम मेकॅनिकचं. फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारीण माशीची माती आहे का, हेही आताच पाहावं. बॅटरी विश्रांतीत साडेबारा व्होल्टच्या वर हवी. खाली असेल तर क्षमतेच्या दहाव्या भागाएवढ्या प्रवाहाने चार्ज करावी. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर. महिनोन्महिने पूर्ण बसून राहिलेल्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेट घट्ट धरलेलं असतं. तिच्यावर वेळ घालवण्यापेक्षा नवी घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

इथे बरेच जण म्हणतील, त्यापेक्षा घरच्या कुणाला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं गाडी चालू ठेवायला सांगितलं की झालं. हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो गाडीला मानवत नाही. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. पाच मिनिटांत इंजिन आणि सायलेन्सर इतके तापत नाहीत की ते पाणी वाफ होऊन निघून जावं. ते ऑइलमध्ये उतरतं आणि सायलेन्सर आतून गंजवतं. सेल मारताना गेलेली वीजही तेवढ्यात भरून निघत नाही. फिरवायचीच असेल तर पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर फिरवावी. नाहीतर बॅटरीची तार काढून गाडी शांत उभी ठेवावी.

इंजिन चालू झालं म्हणजे गाडी रस्त्यावर न्यायला तयार झाली, असं समजणं सर्वांत धोक्याचं. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये एकमेकींना चिकटलेल्या असू शकतात. मग क्लच दाबून पहिला गिअर टाकला तरी गाडी उडी मारते, आणि पार्किंगमध्ये समोर भिंत किंवा दुसऱ्याची गाडी असते. म्हणून इंजिन बंद ठेवून, गिअरमध्ये क्लच दाबून गाडी पुढे ढकलता येते का, हे आधी पाहावं. डिस्कवरचा तांबूस थर दोन-चार ब्रेकांत निघतो. पण ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरत नसेल तर कॅलिपर अडकलेला आहे. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं. डॉट-४ प्रतीचं ऑइल ताजं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ती हमी १५५ अंशांवर येते. टायरवर चार आकडी उत्पादन-खूण असते, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण बाजूंना चिरा, असा टायर बदलावाच.

पहिली फेरी पाम बीच रोडवर किंवा सायन-पनवेल महामार्गावर नको. सेक्टरच्या आतले रस्ते बरे. परतल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल बदलावं. गाडी वर्षाहून जास्त उभी असेल तर ते चालू करण्याआधीच बदलावं. आणि फेरीला निघण्यापूर्वी विमा पाहावा. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे, आणि सर्वंकष विम्याची मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. जहाजावरच्या माणसाला विमा समुद्रातून भरणं एरवी लक्षात राहत नाही, म्हणून निघण्याआधीच मुदत पाहून ठेवावी. पीयूसी मात्र पेट्रोल, प्लग आणि फिल्टर नवे झाल्यावरच काढावी. राळ धरलेल्या जेटवर धुराचे आकडे बिघडलेलेच येणार.