खारघर की खारकोपर? प्रवासातल्या चुका आणि त्यांवरचे उतारे

गाडी चुकली की आपण गर्दीला, पावसाला नाहीतर नशिबाला बोल लावतो. पण बहुतेक फजित्यांचं मूळ घरातून निघण्याआधीच सापडतं: नाव अर्धवट वाचलेलं, तारीख गृहीत धरलेली, वेळापत्रक जुनं. खारघरकरांच्या हाताशी तर लोकल, मेट्रो, महामार्ग आणि आता विमानतळही आहे. म्हणजे सोय भरपूर, आणि चुकायला वावही भरपूर! इथे हमखास होणाऱ्या चुका आणि त्यांवरचे सोपे उतारे असे.

१. तीन ‘खार’, तीन दिशा
खार रोड पश्चिम रेल्वेवर, वांद्रे आणि सांताक्रूझच्या मध्ये. खारघर हार्बरवर, सीबीडी बेलापूर आणि मानसरोवरच्या मध्ये. खारकोपर उलव्यात, उरणच्या मार्गावर. तिथे पहिली लोकल नोव्हेंबर २०१८ मध्ये धावली. बेलापूरच्या फलाटांवर खारघरची गाडीही मिळते आणि खारकोपरचीही, त्यामुळे नवखा माणूस इथेच फसतो.
उतारा: खारघरला जायचं तर इंडिकेटरवर शेवटचं स्टेशन वाचा. पनवेल असेल तर चढा, उरण असेल तर थांबा.

२. हार्बर खरी, पण कुठली?
सीएसएमटीला हार्बरच्या गाड्या १ आणि २ नंबरच्या फलाटांवरून सुटतात. वडाळा रोडनंतर मार्गाला दोन फाटे फुटतात: एक अंधेरी-गोरेगावकडे, दुसरा कुर्ला-वाशी-पनवेलकडे. ‘हार्बर आहे ना, बसू या’ म्हणणारा पुढे माहीम बघतो. बेलापूर लोकल तर खारघरच्या एकच स्टेशन आधी संपते. हार्बरवर फास्ट लोकल नाही, सीएसएमटी ते पनवेल साधारण ८० मिनिटं धरावीच लागतात.
उतारा: चुकीच्या फाट्याची गाडी पकडली असेल तर वडाळा रोडलाच उतरून पनवेल लोकल धरा. ठाण्याहून येत असाल तर कुर्ल्याचा वळसा नको, ट्रान्सहार्बरची पनवेल लोकल थेट खारघरला आणते. आणि रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉकची बातमी वाचाच.

३. खारघर स्टेशनला मेट्रो शोधू नका
नवी मुंबईची पहिली मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, जेमतेम ११ किलोमीटर. ती खारघरच्या पोटातून जाते, पण खारघर रेल्वे स्टेशनला लागत नाही.
उतारा: सेंट्रल पार्क किंवा तळोज्याकडे मेट्रोने जायचं असेल तर लोकलमधून बेलापूरलाच उतरा. लोकलचा पास मेट्रोत चालत नाही, तिकीट वेगळं काढा.

४. नुसता सेक्टर सांगून चालत नाही
सेक्टर १२ वाशीतही आहे आणि खारघरातही. सिडकोने प्रत्येक नोडला आपापले सेक्टर नंबर दिले, त्यामुळे तोच आकडा अनेक ठिकाणी भेटतो.
उतारा: आधी नोड, मग सेक्टर, मग जवळची खूण. ‘खारघर, सेक्टर अमुक, उत्सव चौकाजवळ’ असं सांगितलं की पाहुणाही पोचतो आणि पार्सलही.

५. टाटा रुग्णालय: परळ की खारघर?
टाटा मेमोरियल सेंटरचं रुग्णालय परळला आहे आणि त्याच संस्थेचं ॲक्ट्रेक हे केंद्र खारघरच्या सेक्टर २२ मध्ये. देशभरातून रुग्ण येतात. आजारी माणसाला घेऊन चुकीच्या ठिकाणी पोचणं फार जड जातं.
उतारा: कार्डावर कुठलं केंद्र लिहिलंय ते निघतानाच बघा. लांबची गाडी लोकमान्य टिळक टर्मिनसला सोडत असेल तर रिक्षाने कुर्ला गाठण्याची गरज नाही. शेजारचं टिळकनगर स्टेशन हार्बरवरच आहे, तिथून पनवेल लोकल थेट खारघरला जाते.

६. रात्री बाराची गफलत
गावी जाणाऱ्यांनो, इथे नीट लक्ष द्या. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री ११.०५ ला सुटते आणि पनवेलला येईपर्यंत बारा वाजून गेलेले असतात. म्हणजे शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं पनवेलहून तिकीट काढायचं तर तारीख शनिवारची हवी. तुतारी तर दादरहूनच १२.०५ ला निघते. शनिवारची तारीख पाहून शनिवारी रात्री बॅगा घेऊन स्टेशनवर आलात, तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.
उतारा: बारानंतरची गाडी असेल तर कॅलेंडरवर ‘शुक्रवारी रात्री जेवून निघणे’ असं लिहून ठेवा. खारघरला लांब पल्ल्याच्या गाड्या थांबत नाहीत, पनवेल गाठावं लागतं. तिकीट सीएसएमटीहून असेल आणि चढायचं पनवेलला असेल, तर बोर्डिंग स्टेशन वेळेत बदलून घ्या. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं. गणपतीचा हिशेब त्यावरून मांडा.

७. पावसाळ्यात घड्याळ बदलतं
कोकण रेल्वे दरडींच्या धोक्यामुळे पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवते आणि वेगळं वेळापत्रक लावते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं होतं. अनेक गाड्यांची सुटण्याची वेळही त्यात बदलते.
उतारा: गेल्या मे महिन्यातली आठवण बाजूला ठेवा, तिकिटावरची आणि ॲपवरची वेळ जुळवून बघा.

८. मुंबईचं विमान, पण विमानतळ कुठला?
नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली. आता ‘मुंबई’ म्हणून दोन विमानतळ आहेत आणि मध्ये अख्खी खाडी.
उतारा: तिकिटावरचा कोड वाचा. बीओएम म्हणजे सांताक्रूझ-सहारचा जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे आपल्या शेजारचा. जुन्या विमानतळाला जायचं असेल तर टी-१ की टी-२ हेही बघा.

९. दुचाकी काढलीत? मग रस्ता बघा
अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, त्याचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. कळंबोलीहून सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही तीच बंदी.
उतारा: मुंबईला वाशीच्या खाडीपुलावरून जा, पुण्याला पनवेल-खोपोलीच्या जुन्या महामार्गाने. नकाशाच्या ॲपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडायला विसरू नका.

१०. पांडवकडा: लांबूनच बघा
ही शेवटची चूक मात्र जिवावर बेतते. खारघरचा सुमारे १०७ मीटर उंचीचा हा धबधबा पावसाळ्यात डोळ्यांचं पारणं फेडतो, म्हणून बंदी असतानाही आडवाटेने लोक आत शिरतात. डोंगरावर कोसळलेला पाऊस ओढ्यात क्षणार्धात उतरतो. जिथे मघाशी घोटाभर पाणी होतं, तिथे माणूस उभा राहू शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये या परिसरात चार तरुणी अशाच वाहून गेल्या.
उतारा: वनखातं आणि पोलिसांची बंदी मनापासून पाळा. धबधबा रस्त्यावरूनही दिसतो, आणि तेवढं पुरे.

बाकी सगळ्या प्रवासाला एकच सवय लावून घ्या. तिकिटावर चार गोष्टी असतात: कुठून, कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता. पैसे भरण्याआधी त्या मोठ्याने वाचा आणि घरातल्या आणखी एकाला वाचायला द्या. अर्धं मिनिट लागतं, पण पुढची रात्र फलाटावर काढावी लागत नाही.