दिसायचं नाही, बघायचं

कागेरो ही दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आरमाराची विनाशिका. ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या ऑनलाइन खेळात ती आठव्या पायरीवर मिळते आणि शेजारच्या जहाजांपुढे अगदीच किरकोळ वाटते. बुडेपर्यंत जहाज किती मार सोसेल याचा खेळात एक आकडा असतो. तिचा पंधरा हजारांच्या आसपास, त्याच पायरीवरच्या जर्मन बिस्मार्कचा सत्तर हजारांच्या घरात. तोफा सहा, १२.७ सेंटिमीटरच्या, आणि त्यांचे मनोरे इतके सावकाश फिरतात की जहाज वळवलं की नेम मागेच राहतो. नवा खेळाडू दोन-चार लढायांत कंटाळतो आणि अमेरिकी किंवा रशियन विनाशिकांकडे वळतो, कारण तिथे बटण दाबलं की लगेच काहीतरी घडतं. मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते या नौकेने. तिचं मुख्य काम बघण्याचं. मारण्याचं नंतर.

खेळात कुठलं जहाज किती अंतरावरून दिसेल हे ठरलेलं असतं. कागेरोला लपण्याची सगळी कौशल्यं आणि सुधारणा दिल्या की ती समुद्रावर साडेपाच किलोमीटरच्या आसपास आल्याशिवाय दिसत नाही. क्रूझर दहा-बारा किलोमीटरवरून दिसतात, बॅटलशिप त्याहूनही लांबून. म्हणजे शत्रू आपल्याला दिसतोय आणि आपण त्याला दिसत नाही, अशी पाच-सात किलोमीटरची एक पट्टी तयार होते. कागेरोची सगळी लढाई या पट्टीत चालते. शत्रू पुढे आला की आपण मागे सरकायचं, तो वळला की आपण वळायचं, आणि मधलं अंतर सांभाळायचं. आपल्याला जे दिसतं ते आपल्या बाजूच्या बाराही जणांना दिसतं. मागे पंधरा किलोमीटरवर असलेल्या आपल्या बॅटलशिपच्या तोफा भल्या मोठ्या, पण पुढे कुणी बघणारं नसेल तर त्यांना निशाण्यावर धरायला काही नसतं.

लढाईची पहिली तीन मिनिटं सगळ्यात अवघड. नकाशावर ए, बी, सी अशी ताब्यात घ्यायची वर्तुळं असतात आणि विनाशिकेने तिकडे जावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. दोन्हीकडच्या विनाशिका एकमेकींच्या दिशेने निघतात आणि कुणालाच कुणी दिसत नसतं. या वेळी माझा डोळा समुद्रापेक्षा कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर जास्त असतो. तिथे माझ्याभोवती एक वर्तुळ आखलेलं असतं, मी किती अंतरावरून दिसेन ते सांगणारं. बेटाच्या टोकाला वळसा घालताना ते वर्तुळ कुठे कुठे पोचतंय, पलीकडून कोण येऊ शकतं, परत फिरायला जागा आहे का, एवढंच डोक्यात असतं. जहाजाचं तोंड कधीच पूर्ण आत घालायचं नाही. तिरकं जायचं, म्हणजे गरज पडली की थोडं सुकाणू फिरवून बाहेर पडता येतं.

आणि मग समोर बेन्सन उमटते. अमेरिकी विनाशिका, तोफा भराभर डागणारी, समोरासमोर कागेरोचा फडशा पाडणारी. पण तिचा दिसण्याचा पल्ला माझ्यापेक्षा थोडा जास्त आहे. फरक काही शे मीटरचाच, पण मला ती दिसते आणि तिला मी दिसत नाही. हात शिवशिवतात. डागावंसं वाटतं. पण एक गोळा जरी सुटला तरी पुढची वीस सेकंदं मी माझ्या तोफांच्या पूर्ण टप्प्यापर्यंत, म्हणजे दहा किलोमीटरहून लांबूनही, दिसणार. म्हणून तोफा गप्प ठेवायच्या, सुकाणू फिरवायचं आणि तिच्या वेगाशी वेग जुळवून तिला नजरेत ठेवायचं. एव्हाना मागच्या क्रूझरचे गोळे तिच्याभोवती पडायला लागतात. ती धुराचा पडदा सोडते, वेडीवाकडी वळते, गोळे कुठून आले ते तिला दिसतं, पण दाखवलं कुणी ते कळत नाही. ती बुडाली तर श्रेय क्रूझरला मिळतं. निकालाच्या पानावर माझ्यापुढे ‘दाखवल्यामुळे झालेलं नुकसान’ असा एक आकडा येतो, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. मी आधी तोच बघते.

टॉर्पेडोंची पाळी त्यानंतर. कागेरोला चार-चार नळ्यांचे दोन संच आहेत. दहा किलोमीटर पल्ला, ६७ नॉट वेग, आणि एकेक टॉर्पेडो वीस हजारांहून जास्त नुकसान करू शकतो. तीनचं बटण दाबलं की पाण्यावर हिरवा पंखा पसरतो आणि निशाणा धरलेल्या जहाजापुढे एक पांढरा पट्टा दिसतो. तो पट्टा सांगतो की हे जहाज असंच, याच वेगाने, सरळ जात राहिलं तर इथे मारा. नवखा तिथेच मारतो. पण खेळातल्या हिशेबाने टॉर्पेडोला पूर्ण पल्ला कापायला जवळपास एक मिनिट लागतं, आणि एक मिनिट सरळ जाणारा माणूस विरळा. म्हणून पट्ट्यापेक्षा माणसाकडे बघावं लागतं.

बॅटलशिपच्या बाबतीत मी आधी बघते तिच्या तोफांची तोंडं कुठे आहेत ते. ती माझ्या विरुद्ध बाजूला रोखलेली असतील तर चालवणाऱ्याचा डोळा दुर्बिणीत आहे आणि आजूबाजूला त्याचं लक्ष नाही. मग धुराड्याचा धूर. तो मागे लांब वाहत असेल तर ती वेगात आहे, सरळ वर चढत असेल तर थांबत आली आहे, आणि हे पांढऱ्या पट्ट्याच्या आधी कळतं. मग तिच्या तोफांचा ठेका. बॅटलशिपला तोफा भरायला साधारण अर्धं मिनिट लागतं. बरेच जण पूर्ण बाजू दाखवून सगळ्या तोफा डागतात आणि भरेपर्यंत जहाजाचं तोंड वळवून चिलखत पुढे करतात. दोन-तीन फैरी बघितल्या की ती कुठल्या बाजूला वळते ते समजतं. मग पहिला संच पट्ट्यावर नाही, तर ती वळून जिथे येणार तिथे सोडायचा, आणि दुसरा तिने मन बदललं तर जिथे जाईल तिथे. टॉर्पेडो तिला दिसतात ते पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आल्यावर, म्हणजे तिच्याकडे जेमतेम दहा सेकंद. एवढं अवजड धूड दहा सेकंदांत फारसं वळत नाही.

बहुतेक टॉर्पेडो चुकतात, हेही सांगायला हवं. चुकलेल्या फैरीचंही काम असतं. ती बघून बॅटलशिप वळते, तिची बाजू उघडी पडते, आणि मागून आपला कुणीतरी ती फोडतो. टॉर्पेडो सोडण्याआधी मी नकाशावर एक नजर टाकते ती यासाठीच, की तिला कुणासमोर वळवायचं आहे.

लपून बघण्याचं हे तंत्र ज्या खऱ्या लढाईत दिसलं ती रात्र ३० नोव्हेंबर १९४२ ची. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटावर जपानी सैन्य उपाशी होतं. दिवसा अमेरिकी विमानांमुळे मालवाहू जहाजं जाऊ शकत नव्हती, म्हणून विनाशिका रात्री धान्य न्यायच्या. रिअर ॲडमिरल राइझो तानाका त्या रात्री आठ विनाशिका घेऊन त्याच बेटावरच्या तासाफारोंगाच्या किनाऱ्याला आले. सहा विनाशिकांवर दोरखंडाला बांधलेली धान्याची पिंपं होती. ती किनाऱ्याजवळ पाण्यात सोडायची आणि सैनिकांनी ओढून घ्यायची, अशी योजना. पिंपांना जागा व्हावी म्हणून त्या सहा जणींनी राखीव टॉर्पेडो मागे ठेवले होते. प्रत्येकीकडे नळ्यांत होते तेवढेच आठ. या सहांमध्ये कागेरो होती.

समोर अमेरिकेच्या पाच क्रूझर आणि सहा विनाशिका होत्या आणि त्यांच्याकडे रडार होतं. त्यांनी जपान्यांना आधी पाहिलं. जपानी ताफ्यातली ताकानामी समुद्राच्या बाजूला पहारा देत होती. शत्रू दिसल्याची खबर तिने दिली आणि तानाकांनी पिंपं सोडून हल्ल्याचा हुकूम दिला. ताकानामीने तोफा डागल्या. तिच्यावर अमेरिकी ताफ्याच्या तोफा एकवटल्या आणि ती संपली, तिच्यावरची बहुतेक माणसंही गेली. बाकीच्या बहुतेकींनी तोफा गप्प ठेवल्या आणि अमेरिकी तोफांच्या लखलखाटावर नेम धरून टॉर्पेडो सोडले. क्रूझर ठरल्या मार्गाने, ठरल्या वेगाने जात राहिल्या. नॉर्थहॅम्प्टन बुडाली. मिनीॲपोलिस, पेन्साकोला आणि न्यू ऑर्लिन्स कित्येक महिने दुरुस्तीत अडकल्या, न्यू ऑर्लिन्सचा तर दुसऱ्या मनोऱ्यापर्यंतचा अख्खा पुढचा भाग तुटून गेला. तरी ज्या कामासाठी तानाका आले होते ते झालं नाही. त्या रात्री धान्य किनाऱ्याला लागलं नाही.

तोफ डागली की दिसलो, हा खेळातला नियम मला जाचक वाटायचा. ताकानामीचं वाचल्यावर तो तसा वाटेनासा झाला.

खेळाने काही गोष्टी बदलल्या आहेत. खेळात टॉर्पेडो संपत नाहीत. दीड-दोन मिनिटांत नळ्या पुन्हा भरतात. खऱ्या कागेरोवर पूर्ण भरलेली असतानाही सोळाच असायचे. उलट तिच्यावरचा खरा टॉर्पेडो, ९३ नमुन्याचा, खेळातल्यापेक्षा कितीतरी भयंकर होता. व्यास ६१ सेंटिमीटर, लांबी नऊ मीटर, वजन २७०० किलो, त्यात ४९० किलो स्फोटकं. हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनवर चालायचा, त्यामुळे पाण्यावर बुडबुड्यांची रेघ जवळजवळ उमटायची नाही, आणि कमी वेगात तो चाळीस किलोमीटर जाऊ शकायचा. तोच ऑक्सिजन स्वतःच्या जहाजालाही धोक्याचा होता. नळ्यांवर बॉम्ब पडला तर जहाज आतून फुटायचं. ही भीती पडद्यावर येत नाही. टेहळणीही येत नाही. जपानी आरमाराने निवडक माणसांना रात्रीच्या टेहळणीचं खडतर शिक्षण दिलं होतं, भल्या मोठ्या दुर्बिणी दिल्या होत्या. ते काम खेळात संगणक करतो, आपल्या वाट्याला फक्त अंदाज उरतो.

रडार मात्र आहे. काही क्रूझर बटण दाबून थोडा वेळ दहा-बारा किलोमीटरपर्यंतचं सगळं बघू शकतात, मध्ये डोंगर असला तरी. डोंगरापलीकडचं दिसणं ही खेळाने दिलेली मुभा, पण धाक खरा आहे. ६ ऑगस्ट १९४३ ला वेला आखातात सहा अमेरिकी विनाशिकांनी कोलोम्बांगारा बेटाच्या काळोखाचा आडोसा घेतला आणि रडारवर बघून चार जपानी विनाशिकांवर टॉर्पेडो सोडले. हागिकाझे, आराशी आणि कावाकाझे बुडाल्या. हजाराहून जास्त माणसं गेली, त्यांत बेटावर न्यायचे सैनिकही होते. चौथी शिगुरे वाचली. तिच्या सुकाणूला एक टॉर्पेडो न फुटता भोक पाडून गेला होता. तिच्यावर असलेल्या कॅप्टन तामेइची हारा यांनी पुढे या युद्धावर पुस्तक लिहिलं. अंधारात आधी बघण्याचं जे कसब जपान्यांनी वर्षानुवर्षं घोटवलं होतं, ते त्या रात्री अमेरिकी यंत्राने त्यांच्यावरच उलटवलं. म्हणून खेळातही सुरुवातीला दोन्ही बाजूंची यादी येते तेव्हा मी आधी रडारवाल्या क्रूझर मोजते आणि त्या कुठे आहेत हे कळेपर्यंत ताब्यात घ्यायच्या वर्तुळात शिरत नाही.

कागेरो त्याआधीच, ८ मे १९४३ ला, कोलोम्बांगाराजवळच सुरुंगांनी निकामी झाली आणि विमानांनी तिला बुडवलं. ओयाशिओ आणि कुरोशिओ या विनाशिकाही त्याच दिवशी गेल्या. तिघी तासाफारोंगाच्या रात्री एकत्र होत्या. कागेरो वर्गाच्या १९ विनाशिका बांधल्या होत्या. युद्ध संपलं तेव्हा त्यांतली एक, युकिकाझे, शिल्लक होती.

खेळणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे, मग तुम्ही कुठलंही जहाज चालवत असा. आपल्या बाजूला कागेरो दिसली तर तिला वर्तुळात एकटीला पाठवून वीस किलोमीटर मागे थांबू नका. तिच्यामागे दहा-बारा किलोमीटरवर या. ती जे दाखवेल त्यावर लगेच गोळे टाका, कारण त्या जहाजाला नजरेत ठेवायला ती प्रत्येक सेकंदाला जीव धोक्यात घालत असते. आणि ती तोफा डागत नाही म्हणून चॅटमध्ये तिला नावं ठेवू नका. त्या वेळी ती तुमच्यासाठी बघत असते.