कर्जाची चिंता आणि हिशेबाची वही

शेतीच्या धंद्यात पैसा वर्षातून एकदा किंवा दोनदा हाती येतो; खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. मृगापूर्वी बियाणे व खते, श्रावणात खुरपणी व फवारणी, पुढे काढणी व मळणी, आणि ह्या सर्वांच्या जोडीला शाळा, दवाखाना व लग्नकार्य. आवक आणि जावक ह्यांचा असा मेळ बसत नसल्यामुळे शेतकऱ्यास कर्ज काढावेच लागते. कर्ज काढणे हा काही दोष नव्हे. परंतु आपण कोणाचे किती देणे लागतो, हे नीट ठाऊक नसले म्हणजे मनात भीती घर करते, आणि घाबरलेला मनुष्य एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे, अधिक महाग कर्ज काढतो.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे त्रस्त शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळून आले की, शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जेमतेम ३ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत होते. आज सोसायटी व बँक गावाजवळ आली आहे. मात्र तिचा लाभ हिशेब ठेवणाऱ्यासच पुरेपूर होतो.

सर्व देणी एका पानावर

पहिले काम अगदी साधे आहे. वहीच्या एका पानावर धनकोचे नाव, मुद्दल, व्याजाचा दर, परतफेडीची तारीख आणि तारण असे पाच रकाने पाडावेत व एकही देणे न लपवता लिहावे. हे पान घरातील कर्त्या स्त्री-पुरुषांनी एकत्र बसून भरावे. पुष्कळ घरांत कर्जाचा आकडा एकट्या कर्त्या पुरुषाच्याच मनात असतो, आणि तो एकटाच त्याखाली वाकतो. आकडा सर्वांस कळला म्हणजे खर्चास आपोआप आळा बसतो व भारही वाटला जातो.

व्याजाचा दर लिहिताना महिन्याचा व वर्षाचा असा घोटाळा होऊ देऊ नये. दरमहा शेकडा ५ हा दर ऐकावयास लहान वाटतो. पण वर्षास तो ६० टक्के होतो. अशा दराने घेतलेल्या ५०,००० रुपयांवर वर्षाला ३०,००० रुपये नुसते व्याज चढते. तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीक कर्जावर मूळ दर ७ टक्के असून मुदतीत फेड केल्यास केंद्राची ३ टक्के सूट मिळते. महाराष्ट्रात २०२१-२२ पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेनुसार मुदतीत फेडणाऱ्यास हे व्याज शून्यावर येते. उधारीवर घेतलेल्या खत-औषधांचा भावही रोखीच्या भावाशी ताडून पाहावा. त्यातील फरक हेसुद्धा व्याजच होय.

कोणते देणे आधी?

समजा, एका कुटुंबास सोसायटीचे १,००,००० रुपये, सावकाराचे ५०,००० रुपये, दुकानदाराचे ३०,००० रुपये व एका नातलगाचे ४०,००० रुपये बिनव्याजी देणे आहे. घरखर्च व पुढील हंगामाची बेगमी बाजूस ठेवून त्याच्या हाती १,५०,००० रुपये उरले. जो अधिक तगादा लावील त्यास थोडेथोडे देत गेल्यास रक्कम संपते आणि एकही खाते बंद होत नाही. त्याऐवजी सोसायटीची रक्कम मुदतीच्या आत भरावी. त्यामुळे व्याजाची सवलत टिकते आणि नव्या हंगामात पुन्हा कर्ज मिळू शकते. उरलेल्या ५०,००० रुपयांत सावकाराचे मुद्दल फेडून टाकावे. म्हणजे दरमहाचे २,५०० रुपये व्याज थांबते. दुकानदारास व नातलगास तोंड चुकविण्यापेक्षा स्वतः भेटून हप्ते व तारखा ठरवून द्याव्यात. नवे पीक कर्ज मात्र पिकावरच खर्च करावे.

घाईच्या विक्रीस आळा

काढणीच्या वेळी सर्वांचाच माल बाजारात येतो व भाव पडतात. अशा वेळी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना उपयोगी पडते. ही योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालते. तीत तूर, सोयाबीन, हरभरा इत्यादी माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. उदाहरणार्थ, २० क्विंटल मालाची किंमत ८०,००० रुपये धरल्यास ६०,००० रुपये हाती येतात व सहा महिन्यांचे व्याज १,८०० रुपये होते, म्हणजे क्विंटलमागे ९० रुपये. भाव त्याहून अधिक वाढण्याचा संभव असेल तरच माल ठेवावा. नुसत्या आशेवर ठेवू नये.

पीक बुडाल्यास स्वस्थ बसू नये. आपत्ती जाहीर झालेल्या भागात अल्पमुदतीच्या कर्जाचे पुनर्गठन करण्याची तरतूद आहे. त्यासाठी बँकेकडे लेखी अर्ज द्यावा. सावकारी व्यवहारासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे. त्यानुसार सावकाराकडे परवाना असणे आवश्यक असून चक्रवाढ व्याज घेण्यास मनाई आहे. बेकायदा सावकारीत जमीन गेली असल्यास जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि चौकशीत तसे सिद्ध झाल्यास जमीन परत मिळू शकते.

मनावरचा भार

वही मनाचा पुष्कळ भार हलका करते. परंतु सर्व भार तिने उतरत नाही. एखादा शेतकरी पारावर येईनासा झाला, झोप व अन्न ह्यांवरून त्याचे मन उडाले, जित्राबांकडे तो पाहीनासा झाला किंवा निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने ते किरकोळ समजू नये. उपदेश न करता त्याच्याजवळ बसून ऐकून घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे आपुलकीने पण सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार बळावत नाही. त्यास एकटे सोडू नये आणि घरातील कीटकनाशके कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवावीत. २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. तो क्रमांक चावडीवर ठळकपणे लिहावा.

जमिनीची मशागत जशी पेरणीपूर्वी करावी लागते, तशीच देण्याघेण्याची मांडणीही हंगामापूर्वीच केली पाहिजे. येत्या पेरणीपूर्वी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान दहा कुटुंबांत असे पान भरून घ्यावे. कर्ज एका वर्षात फिटेलच असे नाही. पण ते किती आहे आणि कोणत्या वाटेने फिटणार आहे, हे कळल्यावर शेतकऱ्यास रात्री झोप लागेल आणि सकाळी नांगरास हात घालण्याचे बळ येईल.