मावळतीच्या आत मजुरी

४ एप्रिल २०१३ रोजी संध्याकाळी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. परवानगी नव्हती, तरी काही महिन्यांत मजल्यांवर मजले चढले होते. ती बांधणारे मजूर बायकामुलांसह तिच्यातच राहत होते. पुढे बिल्डरांबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलिसही अटकेत गेले.

बायबलच्या जुन्या करारात, अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात, घर बांधणाऱ्यासाठी एक नियम आहे. नव्या घराच्या गच्चीला कठडा घालायचा. नाही घातला आणि वरून कुणी पडून मेलं, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. पडणाऱ्याने जपून चालायला हवं होतं, अशी पळवाट तिथे ठेवलेली नाही. ठाण्याच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात, तेव्हा मला हा नियम आठवतो. त्या याद्यांतल्या घरांत कोण राहतं? ज्यांना दुसरीकडे भाडं परवडत नाही ते.

ख्रिस्ती दयेचं आपल्याकडचं चित्र म्हणजे अनाथाश्रम, दवाखाना, नाताळातलं कपडेवाटप. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मूळ ग्रंथाने दुबळ्यांची काळजी देणाऱ्याच्या मनावर सोडलेली नाही, तिला मुदती आणि मापं घालून दिली आहेत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण त्याचं पोट तिच्यावर आहे. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर झोपायच्या वेळेआधी परत करायचं. विधवेचं वस्त्र गहाण घ्यायचंच नाही. शेताच्या कडा सोडून कापणी करायची, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही. तो सरवा उपऱ्याचा, पोरक्याचा, विधवेचा. मवाबातून आलेली रूथ बेथलेहेमच्या शेतात सातू वेचत होती ती या हक्काने. कारणही दिलं आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात उपरे होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. गेली कित्येक दशकं कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसं येऊन या पट्ट्यात वस्ती करत आहेत. इथे तरी हे कारण कुणाला परकं वाटू नये.

मिसरातल्या त्या गुलामीत लोक विटा पाडत होते. तिथल्या राजाने, फारोने, त्यांचा पेंढा बंद केला, विटांचा आकडा मात्र तोच ठेवला. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा हा पाचवा अध्याय भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर नव्याने समजावून सांगावा लागत नाही. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाड्याकडची कातकरी कुटुंबं पाऊस सरला की भट्टीवर येतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. लग्न, आजारपण, कोरड्या महिन्यांतली उपासमार यांसाठी मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते. हंगामभर आठवड्याची खर्ची मिळते, हजार विटांमागचा दर मालकाच्या वहीत चढतो, त्यातून फुटतुटीची वजावट होते, आणि शेवटच्या हिशेबात बऱ्याचदा उचल फिटलेलीच नसते. मग पुढचा हंगामही त्याच भट्टीवर. मजुरी सूर्यास्ताच्या आत देण्याची आज्ञा इथे ठेवून पाहा. सूर्यास्त सहा-सात महिने लांब गेलेला दिसतो.

वेठबिगारी संपवणारा कायदा देशात १९७६ साली झाला. असं कर्ज फेडण्याची जबाबदारीच त्याने रद्द केली आणि जिल्ह्यात व उपविभागात दक्षता समित्या नेमायला सांगितलं. कागदावरचा हा कायदा जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर नेला तो विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने, १९८० च्या दशकात. त्यांनी बायबल हाती घेतलं नव्हतं. पण अनुवादाचा पंधरावा अध्याय दर सातव्या वर्षी कर्जमुक्तीची जी आज्ञा देतो, आणि सुटणाऱ्या गुलामाला रिकाम्या हाताने पाठवू नका म्हणतो, तिच्याइतकं जवळ या भागात दुसरं फारसं काही घडलेलं मला दिसत नाही.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. याच ग्रंथात गुलामगिरीला जागा आहे, आणि परक्या गुलामाला सातव्या वर्षाची सुटकाही नाही. जगभरच्या मळेवाल्यांनी त्या ओळींचा आधार घेतला. म्हणून मला त्याच ग्रंथातले संदेष्टे महत्त्वाचे वाटतात. तकोवाचा मेंढपाळ आमोस इसवी सनापूर्वी आठव्या शतकात उभा राहिला आणि जोड्यांच्या मोलाने गरिबाला विकणाऱ्यांच्या सणांचा, भजनांचा देवाला वीट आला आहे, असं त्याने तोंडावर सांगितलं. यशयाने उपवासाची कसोटी जू तोडण्यात ठेवली.

ही परंपरा आपल्या मातीत अधूनमधून बोलली आहे. जेझुइट असलेले पीटर डिमेलो पुढे प्रदीप प्रभू झाले आणि डहाणूच्या आदिवासींत कष्टकरी संघटनेचं काम त्यांनी उभं केलं. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या आंदोलनात जमीन आणि पाणी वाचवायला उतरले, ‘सुवार्ता’ मासिक चालवलं आणि ‘सुबोध बायबल’ लिहिलं. ही दोन्ही नावं २०१४ पर्यंतच्या एकाच ठाणे जिल्ह्यातली. तरीही चर्चने शाळा आणि दवाखान्यांत जेवढं बळ घातलं, तेवढं मजुरीच्या प्रश्नात घातलं नाही, असं माझं मत आहे. येशूने सांगितलेल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत वाटेत जखमी पडलेल्याला पाहून याजक बाजूने निघून जातो आणि तिरस्कृत परका थांबतो. कल्याण-डोंबिवलीत पत्रीपुलाजवळच्या कुष्ठरुग्ण वसाहतीसाठी वर्षानुवर्षं झटणारे गजानन माने (२०२३ साली पद्मश्री) कुठल्याही चर्चचे नव्हेत.

मजुरीचा तोच प्रश्न आता नाक्यावर पाहू. सकाळी मजूर नाक्यावर पेंटर, बिगारी, गवंडी डबा घेऊन उभे असतात. दहा वाजले की उरलेल्यांना दिवस बुडाल्याचं कळतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला मळेवाला संध्याकाळी पाचला पुन्हा चौकात जातो. का उभे आहात, असं तो विचारतो. कुणी बोलावलंच नाही, असं उत्तर येतं. त्यांनाही तो पूर्ण दिवसाचा दिनार देतो, कारण घरच्या भाकरीची किंमत तासांवर ठरत नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुरांसाठी कल्याणकारी मंडळ आणि बांधकाम खर्चावर उपकर आणला. पैसा जमतो, पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा मालक असणाऱ्या नाका कामगाराला तो कोण देणार? आपल्या भागातल्या चर्चच्या, ख्रिस्ती शाळांच्या इमारतींची रंगरंगोटी, वाढीव मजले, सभागृहं यांची कामं चालूच असतात. ठेकेदाराचं बिल मंजूर करताना सोबत प्रत्येक मजुराचा दिवसांचा दाखला आणि रोजच्या रोज मजुरी दिल्याची नोंद मागावी. ती नसेल तर बिल थांबवावं. नियम पॅरिश समितीच्या पुढच्या बैठकीतही होऊ शकतो.